भेगेवरच्या पाच काचा

हे लिहायला मी फार उशीर केला, त्याची माफी सगळ्यात आधी मागतो. माझी बायको अन्नपूर्णा गेली त्याच साली लिहायला हवे होते. निदान या माघात पहिली काच फुटली तेव्हा तरी लिहायला हवे होते. रोज उद्यावर टाकले. आता टाकता येत नाही.

लिहून ठेवणार मी शालिग्राम कडूबा निमकर्डे, वय अडुसष्ट, पूर्वीचा धंदा तसबिरींना काच आणि चौकट बसवण्याचा, राहणार मलकापूर, स्टेशनच्या अलीकडे आमच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या इमारतीत, सर्वांत वरचा मजला, गाळा क्रमांक सहा. माझे डोके ठिकाणावर आहे. कोणी धाक घालून किंवा गोड बोलून माझ्याकडून हे लिहून घेतलेले नाही. अक्षर वाकडे दिसले म्हणून माझी अक्कल वाकडी धरू नये. माझे शिक्षण मराठी चौथीपर्यंत. कोर्टात चालणारे शब्द मी एका अर्जनवीसाच्या जुन्या मसुद्यावरून उतरवून घेतले आहेत, बाकीचे माझे आहेत. यापूर्वी मी असा कागद केलेला नाही.

माझे वारस दोन. मुलगा निवृत्ती, राहणार पुणे, कारखान्यात नोकरी. मुलगी गीता, दिली हिवरा आश्रमाजवळच्या खेड्यात, घरी शेती. या कागदाची एकेक नक्कल दोघांना पोस्टाने पाठवत आहे. मृत्युपत्र माणूस मेल्यावर वाचायचे असते हे मला माहीत आहे. हे त्याआधी वाचावे.

कलम पहिले. राहता गाळा.

गाळा माझ्या आणि निवृत्तीच्या नावावर जोड आहे. माझा अर्धा हिस्सा निवृत्ती आणि गीता यांना सारखा द्यावा. निवृत्ती म्हणेल की गीताला सासरी घर आहे. ते घर तिच्या सासऱ्याचे आहे, हे मी बाप म्हणून सांगतो.

अट एकच. गच्चीवरची पाण्याची टाकी खाली येईपर्यंत माझी पुढची खोली गाळा पाचच्या सिंधूताई आणि त्यांच्या दोन मुली यांच्याकडे राहील. सिंधूताई सरकारी दवाखान्यात नर्स आहेत, त्यांना नवरा नाही, माहेर लांब आहे. टाकी त्यांच्या मधल्या खोलीवर आहे. मुली त्या खोलीत निजत होत्या, त्या आता माझ्याकडे निजतात, आणि मी माझी खाट त्यांच्या त्या खोलीत टाकली आहे. असे का केले ते पुढे येईल. माझे काही बरेवाईट झाल्याचा निरोप आला तर मला माझ्या घरात शोधू नये, गाळा पाचमध्ये शोधावे.

कलम दुसरे. उन्हाची पेटी.

गच्चीवर माझी लाकडी पेटी आहे. बाहेरून अडीच फूट लांब, दोन फूट रुंद. आत काळा रंग दिलेला पत्रा, पत्रा आणि लाकूड यांच्या मध्ये जिनिंगमधला टाकाऊ कापूस ठासलेला, वर एकावर एक दोन काचा, झाकणाला आरसा. खामगावच्या प्रदर्शनात मी अशी पेटी पाहिली. तिथला माणूस फार समजावून सांगत होता, पण मला समजावण्याची गरज नव्हती. मी शेगावला तीस वर्षे यात्रेकरूंसाठी तसबिरी मढवल्या. चौकट, काच, मागे फळी. या पेटीत देवाच्या जागी भाताचा डबा ठेवायचा, एवढाच फरक.

पेटी मी हौसेने केली नाही. अन्नपूर्णेला चुलीच्या धुराने खोकला धरला होता आणि रॉकेलसाठी रांगेत चार-चार तास जायचे. पेटीत दहा वाजता तांदूळ ठेवला की बारापर्यंत भात. डाळीला तीन तास. अंघोळीचे पाणी काळ्या रंगाच्या पिंपात तापायचे, अंघोळीचे सांडलेले पाणी कुंड्यांना जायचे, कुंड्यांतली वांगी पुन्हा पेटीत जायची. ब्लॉकमध्ये राहून कमीत कमी जाळून, कमीत कमी सांडून राहता येते हे मी पाच वर्षे करून दाखवले. लोक हसले. खालच्या मजल्यावरच्या, गाळा तीनच्या कौशल्याबाई पापड वाळत घालायला वर यायच्या आणि विचारायच्या, "भाऊजी, सूर्यानं आज रजा टाकली त?" मी म्हणायचो, "त तुमच्या घरी जेवू." त्या म्हणायच्या, "मंग रोज रजा टाको तो. तुमच्या पेटीतल्या भातापेक्षा माह्यी भाकर बरी." पावसाळ्यात आम्ही खरेच त्यांच्याकडे चार वेळा जेवलो. ते मी विसरलो नाही. काळे पिंप कौशल्याबाईंना द्यावे.

पेटी गीताला द्यावी. तिच्या अंगणात कशाची सावली नाही. पण ती माझ्या मरणाची वाट न पाहता आधीच न्यावी. पेटी गच्चीवर राहील तोवर माझे मन थाऱ्यावर राहणार नाही.

कलम तिसरे. टाकीची जागा.

हे कलम निवृत्तीने दोनदा वाचावे. त्यातली अर्धी गोष्ट त्याला माहीत आहे.

इमारतीच्या नकाशात टाकी जिन्याच्या छपरावर होती. तिथे चार भिंती खालपासून वर आलेल्या आहेत. चौऱ्याहत्तर साली टाकी बांधायची ठरली तेव्हा मला घोर लागला, कारण जिना दक्षिणेला आणि माझी पेटी जिन्याच्या दाराच्या लगेच उत्तरेला. संक्रांतीला आम्ही तिघे गच्चीवर गेलो. हिवाळ्यात सावली लांब पडते म्हणून तो दिवस धरला. निवृत्तीने जिन्याच्या छपरावर टाकीच्या उंचीचा बांबू उभा धरला आणि मी सावलीच्या टोकाला खडूने खूण करत गेलो. दहा वाजता, बारा वाजता, दोन वाजता. बाराची खूण बरोबर पेटीच्या पोटातून गेली.

अन्नपूर्णा तिथेच पायरीवर बसून तीळ निवडत होती. ती म्हणाली, "टाकी काऊन हलवता? पेटी हलवा ना. पेटीले काय, मी एकटी ढकलतो."

मी म्हणालो, "तुले त्यातलं काय समजते. तू तीळ पाह्य."

निवृत्ती हसला. मीही हसलो. पेटी दाराजवळ ठेवली होती ती तिच्यासाठीच, तिला दम लागायचा, पाच पावले वाचावीत म्हणून. तीच म्हणत होती की हलवा, आणि मी ऐकले नाही. पेटी दोन माणसांनी उचलता येते. मी तीन टन पाणी हलवायला निघालो आणि पेटी हलवायचे मला सुचले नाही. चार वर्षे मी रोज याचा विचार करतो.

अर्ज निवृत्तीने लिहिला. त्याचे अक्षर आणि भाषा चांगली. गाळा सहाला उन्हाचा हक्क आहे, दक्षिणेचा उजेड अडवू नये, दोन्ही भागधारकांच्या लेखी संमतीशिवाय त्या बाजूला काहीही बांधू नये, असे त्याने घातले. खाली दोघांच्या सह्या. सभेत कोणी फारसे वाचलेही नाही. संस्थेचे सेक्रेटरी महादेवराव, जे पूर्वी कापसाच्या अडतीवर दिवाणजी होते, ते म्हणाले, "द्या सरकवून टाकी तिकडे. पाणी काय, इकडून आलं काय न तिकडून आलं काय." ठराव झाला. टाकी अकरा फूट उत्तरेला, पेटीच्या पलीकडे सरकली. सहा फूट लांब, पाच फूट रुंद, चार फूट उंच, विटांची. तिच्या बरोबर खाली सिंधूताईंची मधली खोली, आणि त्या खोलीच्या मधोमध ना भिंत ना तुळई.

टाकी बांधणारे मोतीराम मिस्त्री तेव्हाच मला म्हणाले होते, "शालिकराव, नकाशात हे वझं भिंतीच्या डोक्शावर होतं. तुमच्या अर्जानं ते पोटावर आलं." मी त्यांना पेटीतला भात खाऊ घातला आणि विषय बदलला.

कलम चौथे. काचा.

गेल्या दिवाळीत सिंधूताई माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "काका, पोरी म्हणतात ताटात वाळू येते. मी तांदूळ दोनदा निवडून राह्यली, तरी येते." मी जाऊन पाहिले. वाळू तांदळातली नव्हती, वरून पडत होती. स्लॅबला केसाएवढी भेग होती, भिंतीपासून पंख्याच्या हुकापर्यंत. खोलीचे दार त्या वर्षात तीनदा रंधा मारून घ्यावे लागले होते, ते बसत नव्हते. सिंधूताईंना वाटले लाकूड फुगते. माझा सगळा जन्म चौकटींत गेला. चौकट फुगली की दाबली गेली हे मला हाताने कळते. ती दाबली गेली होती.

मोतीराम मिस्त्रींना आणले. ते स्टुलावर चढून पुष्कळ वेळ पाहत राहिले. म्हणाले, "भेग जुनी असन त भेव नाई. चालती असन त मातर कठीण. तुम्ही काचवाले ना, मंग एक करा. काचेची पट्टी भेगेवर आडवी चिकटवा, दोन्ही बाजूले सिमिट लावून. काच साबूत राह्यली त भेग निजली आहे. काच फुटली त समजा चालून राह्यली."

पेटीची एक काच जादा होती. तिच्यातून मी काच कापायच्या हिरकणीने बोटभर रुंद पट्ट्या कापल्या. प्रत्येकीवर तारीख लिहिली.

पहिली पंधरा नोव्हेंबरला लावली. ती तीन महिने टिकली.

दुसरी सहा आठवडे.

तिसरी तीन आठवडे.

चौथी सतरा एप्रिलला लावली. दहा दिवसांत गेली.

हे मी डायरीत लिहून ठेवले आहे, आणि आकड्यांकडे पाहून मला जे दिसते ते कोणालाही दिसावे. मी महादेवरावांकडे दुसरी काच घेऊन गेलो होतो. त्यांनी ती उजेडात धरून पाहिली. म्हणाले, "काच त उन्हानंबी तडकते, शालिकभाऊ. तुम्हीच सांगता ना का उन्हात लय ताकद असते." त्यांच्या ओट्यावर चार माणसे बसली होती, ती हसली. मी म्हणालो की खोलीत ऊन येत नाही. ते म्हणाले, "मंग जिन्यावर न्या टाकी. कोण नाही म्हणते? ठराव तुमचाच आहे. दोघा बापलेकांच्या सह्या आणा, मी उद्या मिस्त्री लावतो."

म्हणून निवृत्तीला फाल्गुनात पत्र लिहिले. चैत्रात दुसरे लिहिले. दोन्हींना उत्तर नाही.

कलम पाचवे. वॉल.

हे मी कोणाला सांगितलेले नाही. पत्रांतही लिहिले नाही. मृत्युपत्रात खोटे लिहू नये असे म्हणतात, म्हणून लिहितो.

दुसरी काच फुटली तेव्हापासून मी नळ आल्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे गच्चीवर जाऊन टाकीचा वॉल, म्हणजे पाणी सोडायची चावी, उघडत होतो आणि अर्धे पाणी सोडून देत होतो. वजन कमी व्हावे म्हणून. ज्या माणसाने अंघोळीचे पाणी कुंड्यांना घातले त्याने हे केले. जमेल तेवढे पाणी मी नळीने मागच्या कडुलिंबाला लावले, बाकी गटारात गेले. आमच्याकडे नळ दोन दिवसांआड येतो. लोकांचे पाणी पुरेना. कौशल्याबाई पापडाचे पीठ मळायला शेजारच्या विहिरीवरून पाणी आणू लागल्या. जिना चढताना त्यांनी मला विचारले, "भाऊजी, टाकी गळते काय हो?" मी म्हणालो, "गळत असन."

मग सभा झाली. पाणी पुरत नाही म्हणून टाकीच्या भिंती दोन फूट उंच करायचे ठरले. सर्वानुमते. मी हात वर केला नाही, पण विरोधही नोंदवला नाही. अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतील, तोवर पाण्याचे हाल नकोत, म्हणून काम अखजी झाल्यावर लगेच सुरू होणार आहे. अखजी दहा मेला आहे. विटा येऊन पडल्या आहेत. पाणी चोरते कोणीतरी असा संशय आल्यामुळे महादेवरावांनी वॉलवर लोखंडी पेटी बसवून कुलूप घातले, आणि किल्ली त्यांच्या जानव्याला असते.

म्हणजे टाकी त्या खोलीवर आणली ती माझ्या हट्टाने, आणि आता वाढते आहे ती माझ्या भीतीने. महादेवरावांना मी पुष्कळ बोललो आहे, पण हे दोन्ही त्यांच्या माथी मारता येत नाही.

मी सिंधूताईंच्या मुलींना माझ्याकडे निजायला सांगितले तेव्हा महादेवराव म्हणाले, "खोली रिकामी झाली म्हणता? मंग त चिंताच मिटली. रिकाम्या खोलीवर वझं पडलं त कोणाचं काय जाते?" त्यांना कौशल्याबाई आठवल्या नाहीत, ज्या त्या खोलीच्या खाली दिवसभर पाटावर बसून लाटतात. त्यांच्याही खाली तळमजल्यावर उत्तमराव आहेत. वरून सुटलेले वजन एका मजल्यावर थांबत नाही. मी कौशल्याबाईंना सांगून पाहिले. त्या म्हणाल्या, "भाऊजी, मी जाऊ कुठी?"

त्या दिवसापासून माझी खाट तिथे आहे. खोली रिकामी आहे असे कोणी म्हणू नये. अंथरुण झटकले की रोज मूठभर चुना निघतो. नळाच्या दिवशी मोटार सुरू झाली की मी खाली बसून वर पाहत राहतो. पाणी चढते तसा एक बारीक आवाज येतो, कोणी दाताखाली खडा धरावा तसा. सिंधूताईंना तो ऐकू येत नाही. मला येतो.

कलम सहावे. शिल्लक.

पोस्टाच्या पुस्तकात जे आहे ते सगळे टाकी उतरवून जिन्यावर बांधण्याला लावावे. ते पुरेल, मिस्त्रींनी सांगितले आहे. उरले तर सिंधूताईंच्या खोलीचा स्लॅब दुरुस्त करावा. निवृत्ती आणि गीता यांनी यातले काही मागू नये. मागणार नाहीत, पण लिहून ठेवतो.

कलम सातवे. हत्यारे आणि भाऊ.

हिरकणी गीताला. ती लहानपणी निवृत्तीपेक्षा सरळ काच कापायची, आणि मी कधी तसे बोललो नाही, कारण निवृत्ती रुसला असता. पक्कड, रंधा, कोनाचा गुण्या निवृत्तीला.

शेगावचे तसबिरींचे दुकान माझे धाकटे भाऊ भाऊराव यांनी माझ्या आजारपणात आपल्या नावावर करून घेतले. बावीस वर्षे झाली. ते मी माफ करत नाही, पण कोर्टातही जात नाही. त्यांनी माझ्या तेराव्याला यावे, जेवावे आणि दुकानाविषयी बोलू नये.

माझी तसबीर करू नये. इतक्या तसबिरी केल्या की मला ठाऊक आहे, सहा महिन्यांनी तिच्यावरची धूळ कोणी पुसत नाही. अन्नपूर्णेची आहे, तिची मात्र पुसावी.

कलम आठवे. महादेवरावांस.

फुटलेल्या चार काचा, तारखांसह, पाकिटात घालून ठेवल्या आहेत. ते पाकीट सेक्रेटरी महादेवराव यांना द्यावे. संस्थेच्या प्रत्येक सभेत ते टेबलावर ठेवावे अशी माझी विनंती आहे. माझ्या शोकसभेत त्यांनी भाषण करू नये. करायचेच असेल तर आधी त्या खोलीत एक दुपार टाकी भरताना बसावे आणि मग करावे.

कलम नववे. सही.

ठरावात दोन भागधारकांच्या संमतीची अट आहे. त्यातली माझी संमती मी येथे देतो. दक्षिणेचा उजेड, उन्हाचा हक्क, पेटीची जागा, सगळे सोडले. टाकी जिन्याच्या छपरावर न्यावी. मी जिवंत असलो तरी आणि नसलो तरी ही सही माझीच आणि कायमची धरावी. माझा हिस्सा ज्याच्याकडे जाईल त्याने पहिले काम हेच करावे, मग गाळ्याच्या कुलपाची किल्ली घ्यावी.

राहिली दुसरी सही.

निवृत्ती, तुझी माय गेली त्याच्या तेराव्या दिवशी तू मला जिन्यात म्हणालास, "बाबा, त्या पेटीपायी तुम्ही मायले रोज भर उन्हात वर चढवलं. पेटीतल्या भाताले दोन तास लागतात, मायले दोन वर्सं लागली." डॉक्टर म्हणाले होते की काळीज मोठे झाले होते, धुराने झाले की जिन्याने, ते त्यांनी सांगितले नाही. तू जे म्हणालास ते खरे असेल. तू माझ्याशी बोलू नकोस, येऊ नकोस, अग्नी द्यायला आला नाहीस तरी गीताचा मालक देईल. पण संक्रांतीला बांबू तू धरला होतास. तिला हसलो तेव्हा आपण दोघे हसलो होतो. त्या खोलीतल्या मुलींचा आपल्या भांडणाशी काही संबंध नाही.

वरील सर्व मी स्वतःच्या हाताने लिहिले, पुन्हा वाचले, आणि दोन साक्षीदारांसमोर सही केली. सिंधूताई साक्ष द्यायला तयार होत्या, पण कागदात त्यांना खोली दिली असल्याने पुढे कोणी शंका काढू नये म्हणून घेतली नाही.

सही
शालिग्राम कडूबा निमकर्डे

साक्षीदार. आम्ही दोघे समोर असताना शालिग्राम निमकर्डे यांनी शुद्धीत सही केली, आणि त्यांच्या समोर आम्ही केली.

१. मोतीराम मिस्त्री, धंदा गवंडीकाम, मलकापूर
२. उत्तमराव, निवृत्त रेल्वे पॉइंट्समन, गाळा क्रमांक एक

मुक्काम मलकापूर, जिल्हा बुलढाणा
शनिवार, तारीख २९ एप्रिल १९७८

सह्या झाल्यानंतर लिहिलेले.

सह्या दुपारी सव्वातीनला झाल्या. आज नळाचा दिवस होता. चारला मोटार बंद झाली, म्हणजे टाकी काठोकाठ भरली. मिस्त्री जायला निघाले होते, त्यांना म्हटले की पाचवी काच एकदा पाहून जा. ते स्टुलावर चढले. उतरले, चष्मा पुसला आणि पुन्हा चढले. काच काल सकाळी लावली होती.

ते म्हणाले, "शालिकराव, खाट बाहेर काढा."

महादेवराव सकाळीच शेगावला दर्शनाला गेले आहेत, रात्रीच्या गाडीने येतील. किल्ली त्यांच्यापाशी. कुलूप तोडायला मिस्त्री वर गेले, पण वॉलवरची पेटी लोखंडी आहे. म्हणून मी खालच्या मजल्यापासून घरोघर गेलो आणि सगळ्यांना नळ सोडून ठेवायला सांगितले. का, असे विचारले, तर कारण सांगावे लागले. पहाटे वॉल मी उघडत होतो हेही सांगितले. कौशल्याबाईंच्या हातात पीठ होते. मला वाटले आता ऐकवतील. त्यांनी मागे वळून कोपराने नळ सोडला आणि पाट उचलून खाली बाहेरच्या ओट्यावर जाऊन बसल्या.

आता सहाही घरांतून पाणी वाहते आहे. जिन्यात उभा राहून मी हे लिहितो आहे आणि तो आवाज ऐकतो आहे. एवढे पाणी मी जन्मात कधी वाया घालवले नाही. आजच्यापुरते वजन उतरेल. मंगळवारी पुन्हा नळ आहे.

निवृत्ती, पत्र लिहीत बसू नकोस, ते पोचायला तीन दिवस लागतात. तार कर. "सही देतो" एवढे दोन शब्द पुरेत, माझ्या नावाने नको, संस्थेच्या नावाने कर. मिस्त्री हा कागद घेऊन आत्ता पोस्टात चालले आहेत. मिळाल्याबरोबर, लवकर कळव.